परत दिलेल्या तलवारीचे सरोवर

व्हिएतनाम देशाची राजधानी हनोई हे तांबड्या नदीच्या काठी वसलेले एक प्राचीन नगर आहे. या नगराला जाग फार लवकर येते. अजून पुरते उजाडलेले नसते, रस्त्यांवरील दिवे मालवलेले नसतात, तोच शहराच्या मध्यभागी असलेल्या एका सरोवराच्या काठी माणसांची वर्दळ सुरू होते. कोणी संथ गतीने हातपाय हलवीत व्यायाम करीत असतो, कोणी झपझप चालत सरोवराला फेरी घालीत असतो. वृद्ध स्त्रियांचा एखादा मेळा हातांत पंखे घेऊन तालावर पावले टाकीत असतो. हिवाळ्यात पाण्यावर धुके साचलेले असते. हळूहळू ते विरळ होते आणि, जणू काही आताच पाण्यातून वर आला असावा, असा एक लहानसा जुना मनोरा सरोवरात दिसू लागतो.

या सरोवराचे नाव होआन किएम. व्हिएतनामी भाषेत 'होआन' म्हणजे परत करणे आणि 'किएम' म्हणजे तलवार. तलावाला राजाचे किंवा देवाचे नाव असावे, हे आपल्या परिचयाचे आहे; परंतु तलवार परत करण्याच्या कृतीचेच नाव एखाद्या तलावाला मिळावे, हे नवल होय. ती तलवार कोणाची होती? ती कोणाला मिळाली? आणि मिळालेली तलवार परत का करावी लागली? या प्रश्नांची उत्तरे हनोईतील लहान मूलही देऊ शकते. कारण ही कथा तेथे घरोघर सांगितली जाते.

कथा ऐकण्यापूर्वी सरोवराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. तांबडी नदी पावसाळ्यात प्रचंड गाळ वाहून आणते आणि वेळोवेळी आपले पात्र बदलते. पूर्वी तिचा एक प्रवाह आजच्या नगराच्या जागेवरून वाहत असे. नदी पुढे दुसऱ्या वाटेने वाहू लागली, तेव्हा जुन्या पात्रातील पाणी खोलगट भागांत मागे राहिले. होआन किएम हे अशा मागे राहिलेल्या पाण्यापैकीच एक आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२ हेक्टर असून काठाकाठाने फेरी घालण्यास पावणेदोन किलोमीटरच्या आसपास चालावे लागते. पाणी मात्र फार खोल नाही. त्याची खोली एक-दीड मीटरच भरते. पाण्यात सूक्ष्म शेवाळ असल्यामुळे त्याला हिरवी झाक आलेली असते. म्हणूनच प्राचीन काळी लोक या सरोवराला 'लुक थुई', म्हणजे 'हिरवे पाणी', असे म्हणत. पुढे येथे राजाचे आरमारी सैनिक सराव करीत, तेव्हा त्याला आरमाराचे सरोवर असेही नाव पडले. आजचे नाव मिळाले ते मात्र एका युद्धामुळे, किंवा अधिक बरोबर बोलायचे तर, युद्ध संपल्यामुळे.

इ. स. १४०७ मध्ये चीनच्या मिंग सम्राटाच्या सैन्याने हा देश जिंकला. परकी अंमल कठोर होता. करांचा बोजा असह्य झाला. तेव्हा लाम सोन नावाच्या डोंगराळ प्रदेशातील ले लोइ या जमीनदाराने १४१८ साली बंडाचा झेंडा उभारला. त्याच्याजवळ माणसे थोडी, शस्त्रे त्याहून थोडी. पहिली काही वर्षे त्याला रानावनांत लपून, प्रसंगी उपाशी राहून काढावी लागली. इतिहास येथवर सांगतो, आणि येथेच लोककथा त्याचा हात धरते.

त्या प्रदेशात ले थान नावाचा एक कोळी राहत असे, असे कथा सांगते. एका रात्री त्याने नदीत जाळे टाकले. जाळे जड लागले, म्हणून मोठा मासा सापडला असे समजून त्याने ते आनंदाने ओढले. पण आत होती एक लोखंडी पट्टी. त्याने ती पाण्यात भिरकावून दिली आणि दुसऱ्या जागी जाळे टाकले. पुन्हा तीच पट्टी वर आली. तिसऱ्या वेळीही तसेच झाले, तेव्हा त्याने दिव्याच्या उजेडात ती नीट न्याहाळली. ते तलवारीचे पाते होते! त्याने ते घरी नेले आणि एका कोपऱ्यात ठेवून दिले.

पुढे हा कोळी ले लोइच्या सैन्यात दाखल झाला. एकदा ले लोइ त्याच्या झोपडीत आला असता अंधाऱ्या कोपऱ्यातील ते पाते एकाएकी चमकू लागले. जवळ जाऊन पाहतात, तो त्यावर 'थुआन थिएन' ही अक्षरे कोरलेली! 'स्वर्गाच्या इच्छेनुसार' असा त्यांचा अर्थ. तरीही मुठीवाचून ते पाते कोणाच्या उपयोगाचे नव्हते. काही दिवसांनी शत्रू पाठीवर असताना ले लोइ एका अरण्यातून निसटत होता. त्याला एका झाडाच्या फांद्यांत काहीतरी लकाकताना दिसले. वर चढून पाहिले, तर ती रत्नजडित मूठ होती. त्याला कोळ्याच्या घरच्या पात्याची आठवण झाली. पाते मुठीत बसवून पाहिले आणि ते असे घट्ट बसले की, जणू दोन्ही एकाच कारागिराने एकाच दिवशी घडविली असावीत. तेव्हापासून त्याच्या सैन्याला यश येत गेले.

या कथेकडे किंचित बारकाईने पाहिले, तर तिच्यात दडलेला अर्थ ध्यानात येतो. पाते मिळाले पाण्यात, एका गरीब कोळ्याला. मूठ मिळाली अरण्यात, सैन्याच्या नायकाला. एकट्या पात्याने लढता येत नाही आणि एकट्या मुठीनेही येत नाही. नदीकाठचे लोक आणि डोंगरातील लोक, सामान्य माणूस आणि पुढारी हे एकत्र आले, तेव्हाच देश मुक्त झाला, ही गोष्ट लोकांनी तलवारीच्या रूपाने सांगून ठेवली आहे.

प्रत्यक्ष युद्ध दहा वर्षे चालले. १४२६ आणि १४२७ या दोन वर्षांत मिंग सैन्याचे मोठे पराभव झाले. आजच्या हनोईच्या जागी असलेल्या किल्ल्यात त्यांचा सेनापती वेढला गेला आणि १४२७ च्या अखेरीस त्याने देश सोडून जाण्याचे मान्य केले. या प्रसंगी ले लोइच्या काही सहकाऱ्यांना सूड घ्यावासा वाटला. इतकी वर्षे ज्यांनी छळले, त्यांना जिवंत का जाऊ द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु ले लोइने आणि न्गुएन चाइ या त्याच्या विद्वान सल्लागाराने ते मानले नाही. शरण आलेल्या शत्रुसैन्याला परत जाण्यासाठी नावा दिल्या, घोडे दिले. नव्या युद्धाचे बीज पेरण्यापेक्षा थकलेल्या प्रजेला विश्रांती देणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. १४२८ साली ले लोइ राजा झाला. त्याने आपल्या राजवटीच्या कालगणनेला जे नाव दिले, तेही 'थुआन थिएन' हेच होते.

आता कथेचा शेवट. राज्य स्थिर झाल्यावर एके दिवशी राजा नौकेत बसून हिरव्या सरोवरात विहार करीत होता. एवढ्यात पाणी दुभंगले आणि सोनेरी पाठीचे एक महाकाय कासव वर आले. राजाच्या कमरेची तलवार आपोआप हलू लागली. कासव मनुष्यवाणीने म्हणाले, "महाराज, आपले कार्य पूर्ण झाले आहे. जलाधिपतीची तलवार आता त्याला परत करावी." राजाला उमगले. त्याने तलवार उपसली आणि कासवापुढे धरली. कासवाने ती मुखात घेतली आणि ते खोल पाण्यात नाहीसे झाले. कितीतरी वेळ पाण्याखाली एक तेजाची रेषा चमकत राहिली, असे म्हणतात. तेव्हापासून ते सरोवर 'परत दिलेल्या तलवारीचे सरोवर' झाले.

भवानीमातेने शिवाजी महाराजांना तलवार दिली, ही आख्यायिका महाराष्ट्रातील मुलांना ठाऊक असते. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या वीराच्या हाती दैवी शस्त्र येते, अशा कथा अनेक देशांत आहेत. होआन किएमच्या कथेचे वेगळेपण हे की, ती शस्त्र मिळाल्यावर किंवा विजय झाल्यावर संपत नाही. जे संकटाच्या वेळी मिळाले, ते उसने होते. संकट टळल्यावर ते ज्याचे त्याला दिले पाहिजे, असे ती सांगते. तलवार उचलण्यास धैर्य लागते. ती खाली ठेवण्यासही लागते.

कथा मनात घेऊन सरोवराच्या काठाने चालू लागले की, प्रत्येक वास्तू काहीतरी बोलू लागते. पश्चिमेच्या बाजूस एका उंच स्तंभावर ले लोइ राजाची लहान मूर्ती उभी आहे. तिच्या हातात तलवार आहे. काठावरील जुन्या वृक्षांच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या दिसतात. उन्हाळ्यात गुलमोहर फुलतो, तेव्हा हिरव्या पाण्यात तांबडी छाया पसरते. उत्तरेकडे जुने व्यापारी नगर आहे. तेथील गल्ल्यांना त्या त्या गल्लीत होणाऱ्या धंद्यांची नावे आहेत: रेशमाची गल्ली, साखरेची गल्ली, चांदीची गल्ली. सरोवराच्या दक्षिण भागातील लहानशा बेटावर तो धुक्यातून दिसणारा मनोरा आहे. त्याला कासवाचा मनोरा म्हणतात. तो एकोणिसाव्या शतकात बांधला गेला. तेथपर्यंत पूल नाही. काठावरूनच तो पाहावयाचा.

उत्तर भागातील बेटावर मात्र जाता येते. तेथे न्गोक सोन नावाचे मंदिर आहे. न्गोक सोन म्हणजे पाचूचा पर्वत. मंदिराच्या वाटेवर प्रथम दगडांच्या राशीवर उभारलेला एक पाच मजली मनोरा लागतो. त्याचे टोक लेखणीसारखे, म्हणजे चिनी पद्धतीच्या कुंचल्यासारखे, निमुळते आहे. त्यावर तीन अक्षरे कोरलेली आहेत. 'निळ्या आकाशावर लिहिणे' असा त्यांचा अर्थ आहे. पुढच्या दारावर दगडात कोरलेली एक दौत आहे आणि तिला तीन बेडकांनी तोलून धरले आहे! त्यानंतर लाकडाचा, तांबड्या रंगाचा, किंचित कमान असलेला पूल येतो. त्याचे नाव थे हुक. सकाळची सूर्यकिरणे जेथे येऊन विसावतात ती जागा, असा त्या नावाचा भाव आहे. ही लेखणी आणि हा पूल १८६५ साली न्गुएन वान सिएउ या विद्वानाने बांधविले. मंदिरात विद्येच्या देवतेची पूजा होते आणि तेराव्या शतकात मोंगोल सैन्याला परतवून लावणारा सेनापती चान हुंग दाओ याचीही होते. ज्या पाण्यात तलवार परत गेली, त्याच पाण्याच्या काठी लेखणी उभी राहिली, ही गोष्ट पाहणाऱ्याच्या मनात सहज भरते.

याच मंदिरात आणखी एक अशी वस्तू आहे की, जिच्यापुढे मुले बराच वेळ थबकतात. काचेच्या मोठ्या पेट्यांत दोन प्रचंड कासवे ठेवलेली आहेत. ती दगडाची नाहीत किंवा धातूचीही नाहीत. ती एके काळी या सरोवरात खरोखर पोहत होती.

कासव हा प्राणी व्हिएतनामी लोकांना पवित्र वाटतो. दीर्घायुष्य आणि स्थैर्य यांचे ते प्रतीक मानले जाते. हनोईतच विद्यामंदिर नावाचे प्राचीन स्थान आहे. तेथे राजपरीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्वानांची नावे कोरलेल्या ८२ शिळा असून प्रत्येक शिळा एका दगडी कासवाच्या पाठीवर उभी आहे. महाराष्ट्रात देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. परंतु होआन किएममधील कासव केवळ कथेत किंवा दगडात नव्हते. कधीतरी, वर्षांतून मोजक्या वेळा, हिरव्या पाण्यातून एक मोठे डोके वर येई. काठावर गर्दी जमे. वाहने थांबत. वृद्ध माणसे हात जोडीत. 'कु रुआ', म्हणजे 'कासव आजोबा', या आदराच्या नावाने लोक त्याचा उल्लेख करीत.

ही कासवे मऊ कवचाच्या एका दुर्मीळ जातीची होती. तांबडी नदी आणि चीनमधील यांगत्से नदी यांच्या खोऱ्यांत ही जात पूर्वी आढळत असे. गोड्या पाण्यातील कासवांत इतका मोठा देह क्वचितच दिसतो. १९६७ साली सरोवरातील एक कासव मरण पावले. ते दोन मीटरांहून अधिक लांब होते. त्याचे शरीर जतन करून मंदिरात ठेवण्यात आले. त्यानंतरही एक कासव सरोवरात दिसत राहिले.

पण सरोवराभोवतीचे नगर वाढत होते. सांडपाणी आणि कचरा यांमुळे पाणी दूषित झाले, तळाशी गाळ साचत गेला. लोकांनी हौसेने पाळलेली आणि नंतर सोडून दिलेली परदेशी लहान कासवे पाण्यात वाढली. २०११ च्या आरंभी कासव आजोबा वर आले, तेव्हा त्यांच्या अंगावर जखमा दिसल्या. सारे नगर चिंतेत पडले. मार्च महिन्यात त्यांना धरण्याचा प्रयत्न झाला. पण ते जाळे फाडून निसटले! एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रयत्नास यश आले, तेव्हा हजारो लोक काठावर उभे होते. कासवाच्या मनोऱ्याजवळ स्वच्छ पाण्याचे कुंपण घालून तेथे त्यांच्यावर उपचार करण्यात आले. जखमा भरल्यावर जुलै महिन्यात त्यांना पुन्हा सरोवरात सोडले.

१९ जानेवारी २०१६ रोजी ते कासव पाण्यावर मृतावस्थेत तरंगताना आढळले. त्याचे वजन १६९ किलोग्रॅम भरले. नगरातील लोकांना घरातील वडील माणूस गेल्यासारखे दुःख झाले. २०१९ पासून तेही त्याच मंदिरात, जुन्या कासवाच्या सोबतीस, काचेच्या पेटीत आहे.

दुःखाचे कारण एवढेच नव्हते. या जातीची कासवे इतरत्रही जवळजवळ नाहीशी झाली होती. माणसांनी मांसासाठी त्यांची शिकार केली होती आणि अंडी पळविली होती. नद्यांवर धरणे झाली, पाणथळ जागा बुजविल्या गेल्या. अंडी घालण्यासाठी लागणारे वाळूचे किनारे बुडाले. २०१९ साली चीनमधील सुचौ येथील प्राणिसंग्रहालयातील मादी मरण पावली. २०२० मध्ये हनोईजवळच्या दोंग मो तलावात एक मादी सापडली, तेव्हा शास्त्रज्ञांच्या आशा पालवल्या. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये तीही मृत झाली. त्या वेळी या जातीचे निश्चितपणे माहीत असलेले एकच कासव उरले: सुचौ येथील एक वृद्ध नर. तरी संशोधकांनी शोध सोडला नाही. ज्या तलावात कासव असेल, त्याच्या पाण्यात त्याच्या शरीराचे सूक्ष्म अंश मिसळलेले असतात. पाण्याचे नमुने तपासून ते ओळखता येतात. व्हिएतनाममधील तलावांच्या बाबतीत ही पद्धत वापरली जात आहे.

विचार करण्यासारखी गोष्ट ही आहे की, होआन किएमच्या कासवाचा कोणी द्वेष केला नव्हता. उलट, साऱ्या नगराने त्याला वंदन केले होते. परंतु हात जोडल्याने पाणी निर्मळ होत नाही. ज्याला आपण पूज्य मानतो, त्याला जगण्यासाठी काय हवे आहे, हे जाणून घ्यावे लागते आणि ते वेळेवर द्यावे लागते. हनोईच्या लोकांना हे उशिरा का होईना, पटले. २०१७ च्या अखेरीस सरोवरातील गाळ उपसण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. पाणी स्वच्छ राखण्यासाठी प्रयत्न होऊ लागले.

संध्याकाळी सरोवराच्या काठचे दिवे लागतात. आठवड्याच्या अखेरीस भोवतालच्या रस्त्यांवर वाहनांना बंदी असते. तेव्हा मुले तेथे मोकळेपणाने धावतात, चेंडू खेळतात, वाद्ये वाजविणाऱ्यांभोवती गोळा होतात. एखादा आजोबा नातवाला कठड्याजवळ उभा करतो आणि मनोऱ्याकडे बोट दाखवून राजाची, कोळ्याची, सोनेरी कासवाची गोष्ट सांगू लागतो. पूर्वी गोष्ट संपली की, मूल पाण्याकडे टक लावून पाही. एखादे वेळी कासवाचे डोके वर येईल, अशी त्याला आशा असे. आता पाणी स्तब्ध असते. कथेतील राजाने घेतलेले शस्त्र परत दिले आणि तो ऋणमुक्त झाला. आजच्या माणसांनी नदीकडून, तळ्याकडून जे घेतले, त्यांतील पुष्कळसे अजून परत द्यावयाचे राहिले आहे. मूल विचारते, "आजोबा, कासव पुन्हा येईल का?" आजोबा क्षणभर थांबतात आणि त्याचा हात धरून काठाने पुढे चालू लागतात.